मागच्या सीटचं वजन

बार्शीच्या लग्नाहून परत आलो, गाडी फाटकातून आत घेतली आणि बायको खाली उतरून पदर झटकत म्हणाली, "आता ह्या गाडीवर मी काय परत बसणार न्हाय."

मला वाटलं, ऊन बोलतंय. सोलापूरच्या उन्हाळ्यात माणसं दुपारी काहीही बोलतात आणि संध्याकाळी गार पाण्यानं अंघोळ केली की विसरतात. ही विसरली नाही. दुसऱ्या दिवशी तिची पाठ धरली. डॉक्टरांनी फोटो काढला, उजेडावर धरला, मणक्यांमधल्या गादीबद्दल काहीबाही सांगितलं, गोळ्या दिल्या आणि शेवटी चष्म्यावरून माझ्याकडं बघत म्हणाले, "चालू द्या, फिरू द्या. फक्त धक्के नकोत." त्यांच्या बघण्यात असं काही होतं, की जणू मीच तो धक्का.

यथावकाश पाठ बरी झाली. ती ओट्याशी उभी राहून भाकरी थापायला लागली, गच्चीवर सांडगे घालायला लागली, मंडईत पायी जाऊन पिशवी भरून आणायला लागली. गाडीवर मात्र बसेना. करमाळा तालुक्यात तिचं माहेर. भावाकडं जायचं झालं तर एसटीनं गेली. टेंभुर्णीच्या पुढच्या रस्त्यावर एसटीच्या शेवटच्या बाकावर बसून ज्यानं प्रवास केलाय, त्याला धक्का म्हणजे काय ते मी सांगायला नको. तरी एसटीचे धक्के चालले आणि माझे चालेनात. हे माझ्या फार जिव्हारी लागलं.

वरून तिनं जाहीर केलं, "नवरात्रात कमलाभवानीला भाच्याच्या मोटारीनं जाणार हाय मी. तुमी या मागनं गाडीवर." लग्न झाल्यापासून करमाळ्याच्या कमलाभवानीच्या दर्शनाला आम्ही गाडीवरच गेलो होतो. एकदा तिला दिवस होते म्हणून चुकलं होतं, बाकी कधी नाही.

साठी उलटलेल्या माणसाच्या गाडीवर बायको बसत नाही यात एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय, असं कुणालाही वाटेल. आमच्या चिरंजीवांना तसंच वाटलं. पुण्याहून फोनवर म्हणाला, "बाबा, कार घ्या ना." मी फोन त्याच्या आईकडं दिला. त्याला मागचं माहीत नाही, आणि असल्या गोष्टी बापानं मुलाला सांगायच्या नसतात.

लग्न होऊन ती आली तेव्हा आमचं घर दोन खोल्यांचं होतं. आई, वडील, दोन धाकटे भाऊ, शिकायला राहिलेली मामेबहीण आणि आम्ही दोघं. सासऱ्यांच्या देखत सुनेनं नवऱ्याशी थेट बोलायचं नाही, असं कुणी भिंतीवर लिहिलं नव्हतं, पण होतं. मला काही सांगायचं असलं तर ती आईला सांगायची, "त्यांना म्हणावं, रॉकेल संपलंय." मी तिथंच, हातभर अंतरावर भाकरी मोडत बसलेला. मीही आईलाच सांगायचो, "तिला सांग, संध्याकाळी आणतो." आई कंटाळून म्हणायची, "मेल्यांनो, मी काय तारखातं आहे काय?" पण आम्ही थेट बोललो असतो तर तिलाच आवडलं नसतं.

मग आमची एक जुनी, छोट्या इंजिनची मोटारसायकल होती, ती आमची खोली झाली. मी शेतीपंप विकायच्या कामावर होतो. आठवडाभर त्याच गाडीवरून माढा, बार्शी, करमाळा पालथं घालायचो. रविवारी काहीतरी निमित्त काढायचो. कधी देव, कधी कुणाचं आजारपण, कधी तिच्या भावाला निरोप. गाडीवर बसलो की भिंती नाहीत, छप्पर नाही, पण तिसरं माणूसही नाही.

त्यालाही एक रीत होती. गावातून जाताना तिचा हात सीटमागच्या दांडीला असायचा. दोघांच्या मधे एक लहान मूल बसेल एवढी जागा. पुणे रोडला तेव्हा जकात नाका होता, आणि त्या नाक्यावर वडिलांच्या ओळखीचे एक कारकून बसायचे. हे गृहस्थ ट्रकवाल्यांकडं कमी आणि आमच्याकडं जास्त बघायचे. संध्याकाळी वडिलांच्या कानावर जाणार हे ठरलेलं. म्हणून नाक्यापर्यंत आम्ही दोघं एकमेकांची ओळख नसल्यासारखे जायचो. नाका मागं पडला, पुढचं चिंचेचं झाड गेलं, की तिचा हात माझ्या डाव्या खांद्यावर यायचा आणि त्याच्या पाठोपाठ बोलणं सुरू व्हायचं. कित्येक वर्षं मी त्या झाडाची वाट बघत गाडी चालवली आहे.

तिला दिवस गेल्याची बातमी घरात कळायच्या आधी मला मोहोळच्या अलीकडं कळली. "अवो, हळू चालवा," ती म्हणाली. मी म्हटलं, हळूच तर चाललोय. "त्याहून हळू," ती म्हणाली, आणि मग मला उमगलं. माझी पंपांची नोकरी गेली तेही मी तिला गाडीवरच सांगितलं, कारण तोंड समोर नसलं की असलं सांगणं सोपं जातं. तिचा हात खांद्यावर जरा घट्ट झाला. मग म्हणाली, "उसाचा रस पिऊ कुटंतरी." रस पिऊन झाल्यावर आम्ही पुढचं ठरवलं. भांडणंही तिथंच केली. एकदा मोहोळपासून टेंभुर्णीपर्यंत ती खांद्यावर हात न ठेवता बसली होती, आणि त्या मोकळ्या खांद्याचं मला ओझं झालं होतं.

त्या गाडीवर मला ती न बघता कळायची. ती बसली की मागचे शॉकअप, म्हणजे धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगा, कुरकुरत खाली जायचे, हँडल हातात किंचित हलकं व्हायचं, आणि मी काही न विचारता निघायचो. तिनं ज्वारी बघायला मान वळवली तरी कळायचं. डुलकी लागली तर गाडी डावीकडं जड व्हायची, मी वेग कमी करायचो. तेव्हा यात काही विशेष आहे असं वाटलंच नाही. रोज जेवतो त्या भाकरीचं कुणी कौतुक करतं का?

पुढं दुकान टाकलं, ते चाललं. वर मजला चढला, आई-वडील गेले, भाऊ वेगळे झाले, पोरं पुण्याला गेली. दुकान भाच्याच्या हवाली केलं आणि मी माझी जुनी हौस म्हणून लांब पल्ल्याची मोठी गाडी घेतली. भारदस्त, रुंद टाकीची, मागं पेटी, बाजूला दोन पेट्या. या गाडीला साडीगार्ड लावून द्या म्हटल्यावर शोरूममधला मुलगा असा बघत राहिला, की मी विमानाला बैलाची झूल मागितली. लावून घेतलंच मी.

गंमत अशी, की आता सगळं घर आमचं आहे. कुणी ऐकायला नाही, कुणी अडवायला नाही. आणि बोलणं दूध, गॅस आणि गोळ्या एवढ्यावर संपतं. ती टीव्हीसमोर, मी पेपरात. आम्हा दोघांना घरात बोलायची सवयच लागली नाही. आम्हाला बोलायला रस्ता लागतो. त्यामुळं ती गाडीवर बसेनाशी झाली तेव्हा माझी नुसती जोडीदारीण गेली नाही, माझं बोलणंच बंद झालं. मला नवरात्राच्या आत तिला परत मागं बसवायचं होतं. दुसरं काही नको होतं.

डॉक्टर म्हणाले होते धक्के नकोत. म्हणजे धक्क्याचा बंदोबस्त केला की प्रश्न मिटला, असा मी सरळ हिशेब केला. कंपनीनं दिलेले मागचे शॉकअप काढायचे आणि बाहेरचे चांगले बसवायचे.

मग मी मोबाइलवर व्हिडिओ बघायला लागलो. शॉकअप या विषयावर जगात एवढी माणसं एवढं बोलतात हे मला ठाऊक नव्हतं. कुणी तेलाचे चांगले म्हणतो, कुणी गॅसचे. कुणी म्हणतो, बाजूला छोटी नळी असलेलेच घ्या, लांबच्या प्रवासात तेल तापत नाही. कुणी म्हणतो, नळी नुसती दिखाऊ. सगळे तिशीच्या आतले, डोंगरात हिंडणारे. बर्फात, नदीच्या गोट्यांत, उड्या मारताना शॉकअप कसं वागतं ते सांगतात. पन्नाशी ओलांडलेली बाई एका अंगावर बसलीय, मांडीवर शेंगाचटणीच्या डब्याची पिशवी आहे आणि समोर टेंभुर्णीचा रस्ता आहे, अशा वेळी शॉकअपनं काय करावं हे एकही सांगेना.

एवढं मात्र सगळेच सांगत होते, की स्प्रिंग माणसांच्या वजनाप्रमाणं घ्यायची. फार नरम घेतली तर खड्ड्यात गाडी आपटते. फार कडक घेतली तर गाडी खाली दबतच नाही आणि रस्त्याचा सगळा मार थेट पाठीत बसतो.

सात रस्ता चौकाच्या बाजूला शॉकअपचं एक दुकान आहे. मालक माझ्याच वयाचे, दाढीला मेंदी, बोलण्यात निम्मं मराठी, निम्मं आपलं सोलापुरी उर्दू. त्यांनी गाडीच्या मागच्या बाजूला जोर देऊन दोनदा दाबलं, कान लावल्यासारखं केलं आणि विचारलं, "साहब, पीछे कौन बैठता?"

"सध्या कुणी बसत नाही," मी म्हटलं. "बसावं म्हणून तर आलोय."

ते हसले. त्यांना कळलं असावं. "मग भाभींचं वजन सांगा."

इथं गाडी अडली. मी काय, आमच्याकडचा कुठलाही नवरा बायकोचं वजन सांगू शकणार नाही. विचारायची सोयच नाही. जास्त आहे म्हणावं तर टोमणा, कमी आहे म्हणावं तर नजर. डॉक्टरांकडं तिला काट्यावर उभं केलं तेव्हा तिनं मला आधी खोलीबाहेर काढलं होतं. मी अंदाज सांगितला. माझ्या डोळ्यासमोर ती मुलीच्या लग्नातली होती, हिरव्या शालूतली, अंगानं भरलेली, सगळ्या मांडवावर हुकूम सोडणारी. तिचं म्हणून एक वजन सांगितलं, वर पिशव्या धरून थोडं वाढवलं.

मालक म्हणाले, "एकदम कडक स्प्रिंग डालेंगे. मजबूत चीज है, फिकर नक्को."

मजबूत म्हणजे चांगलं, हे आम्हा दोघांनाही पटलं. आमची पिढीच तशी. कपाट, चप्पल, जावई, सगळं मजबूत बघून घेतलेलं.

शॉकअप बसले. दिसायलाही झकास. पण बायकोला बसवायच्या आधी खात्री करायला हवी होती. पहिल्याच फेरीत पाठ दुखली तर विषय कायमचा संपणार. तिच्या जागी कुणाला बसवावं? शेजाऱ्याला मागं बसवून त्याला "पाठीला कसं वाटतंय" विचारत हिंडणं बरं दिसलं नसतं. मग मला ज्वारी आठवली.

तिच्या भावानं पाठवलेला ज्वारीचा कट्टा जिन्याखाली होता. तो मागच्या सीटवर ठेवला, वर गव्हाची एक मोठी पिशवी ठेवली, दोरीनं आवळलं आणि निघालो. होटगी रोडनं विमानतळापर्यंत गेलो, खड्डे शोधून शोधून त्यातून घातली. परत आलो तेव्हा गल्लीच्या तोंडाशी एकानं विचारलंच, "काका, ज्वारीला कुठं फिरवून आणलं?" मी म्हटलं, "विमानतळ दाखवला."

पोतं मजेत होतं. गाडी त्याला घेऊन अशी मऊ चालली होती, की माझा ऊर भरून आला. मी फाटकातून आत आलो तर बायको पायरीवर उभी.

"हे काय?"

"ज्वारी."

"ज्वारी हाय ते दिसतंय की. ती गाडीवर काय करतीया?"

खोटं सुचेना. मी शॉकअप, स्प्रिंग, वजन सगळं सांगितलं. ती ऐकत गेली आणि तिच्या कपाळावर हळूहळू आठ्या चढत गेल्या.

"म्हंजे ते पोतं म्हंजे मी व्हय?"

"अगं, अंदाजासाठी."

"अंदाजाला पोतंच घावलं? आन् वर ते गव्हाचं काय, माजं डोकं?" मग तिनं गाडीभोवती एक फेरी मारली. दोरी ओढून बघितली. "आन् हे तर मधोमध बसलंय. मी कुटं मधोमध बसते? माजे पाय तर डावीकडं असतात. काय बी अक्कल न्हाय." रागावली होती, पण तिला त्यात गोडी वाटायला लागली होती हे मी ओळखलं. तिच्याबद्दलचं काम कुणी चुकीचं करतंय हे तिला कधीच बघवत नाही. "काढा ते. मी बसते. पन हितंच. अंगणातच. बाहेर न्यायची न्हाय."

मी पोतं कधी उतरवलं मला कळलं नाही.

अंगणातच मोजायचं ठरलं. मागच्या चाकाच्या बोल्टपासून सीटखालच्या खुणेपर्यंत टेप धरायचा. मी बसल्यावर किती, आणि मागचं माणूस बसल्यावर आणखी किती खाली आलं, ते बघायचं. दोन बोटं तरी खाली यायला हवं. पण दोघंही गाडीवर बसल्यावर टेप कोण वाचणार? तेव्हा कुंपणापलीकडून सगळं बघत असलेल्या शेजारच्या अक्का आपणहून आल्या. त्यांचं सगळं घर तेलुगू, आयुष्य टॉवेल विणायच्या मागांवर गेलेलं. मोजायचं म्हटलं की त्यांना स्वस्थ बसवत नाही. "द्या अण्णा, टेप माझ्याकडं द्या," म्हणाल्या आणि चाकाशी बसल्या.

आधी पोतं परत चढवून अक्कांनी मोजलं. पोत्याला बरोबर दोन बोटं. मग ते उतरवून मी बसलो, गाडी धरली, आणि बायको माझ्या खांद्याला न धरता, साडीगार्डवर पाय देऊन मागं बसली.

"किती?" मी विचारलं.

अक्का टेपवर आणखी वाकल्या.

"अक्का, किती?"

"आधी होतं तेवढंच आहे, अण्णा. वैनी बसल्यात का नाही अजून?"

"बसले की कवाच," मागून आवाज आला.

अक्कांनी टेप परत लावला. "नखभर," म्हणाल्या. "नखभर खाली आलंय."

मी मागं वळून बघितलं. ती बसली होती, नेहमीसारखी, पाय डावीकडं, हात मांडीवर. आणि बऱ्याच दिवसांनी, उन्हात, एवढ्या जवळून मी तिला बघितलं. बांगड्या मनगटावरून निम्म्या हातापर्यंत सरकल्या होत्या. ब्लाउजला दोन्हीकडून नव्या शिलाया होत्या, तिनं स्वतःच आत घेतलेल्या. गळ्याजवळची हाडं दिसत होती. मुलीच्या लग्नातली ती हिरव्या शालूतली बाई तिथं नव्हती. ती कधी गेली ते मला कळलंच नव्हतं. रोज समोर बसून जेवणाऱ्या माणसाचं मला कळलं नव्हतं, आणि टेपला कळलं. मी खरोखर घाबरलो.

"एवढी कशी गं वाळलीस?" मी विचारलं.

"वाळले कुटं? वय झालं. डॉक्टरनं साखर आन् तूप बंद केलं. त्यालाच इचारा, समदं ठीक हाय म्हनतो त्यो." मग जरा थांबून म्हणाली, "तरीच त्या दिवशी उडाले मी."

"कधी उडालीस?"

"बार्शीहून येताना. वैरागच्या फुडं. त्यो पांढरा पट्टा नसल्याला स्पीडब्रेकर. सीटवरनं पार उडाले आन् परत सीटवर पडले. देवाची दया, सीटवरच पडले." ती समोर, अंगणातल्या कढीपत्त्याकडं बघत बोलत होती. "आन् तुमी फुडं मठ्ठ्याचं सांगत होता. मठ्ठ्यात कोथिंबीर जास्त झाली म्हनून. मी मागं हाय का खाली पडले, तुमाला ठावंच न्हाय. तसंच सांगत गेला की. मला वाटलं, उद्या पडले तर हे सोलापुरात जाऊन बघतील मागं."

अक्का टेप गुंडाळत होत्या, त्यांचा हात थांबला.

"हेल्मेट असतं गं," मी म्हणालो. मलाच ते पटलं नाही.

"आदी कळायचं तुमाला. काय बी न बोलता कळायचं. आता तीनदा इचारता, 'बसलीस का, बसलीस का', आन् मी व्हय म्हनले तरी ऐकू येत न्हाय." ती खाली उतरली. गाडी तिच्या उतरण्यानंही हलली नाही. "पाठ काय, पाठ दुखतीच ह्या वयात. मला भ्या वाटलं. म्हनून बसंना झाले."

एवढं बोलून ती आत गेली आणि कुकर लावायला लागली. अक्काही गेल्या. मी ज्वारीचा कट्टा जिन्याखाली नेऊन ठेवला आणि त्याच्यावरच बसून राहिलो. त्या पोत्याचा मला मनापासून राग आला. माझी गाडी त्याला ओळखत होती आणि माझ्या बायकोला ओळखत नव्हती. एवढ्या मोठ्या गाडीवर, एवढ्या पेट्या आणि एवढ्या मजबुतीमधे, ती बसली काय आणि न बसली काय, सारखंच झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परत दुकानात.

"स्प्रिंग बदलायच्या," मी म्हटलं. "नरम हव्यात. कट्ट्याएवढं वजन धरू नका. त्याहून बरंच कमी."

मालक चकित झाले. "अरे साहब, कडक तुम्हीच पसंत केला ना? आता नरम? पीछे का माणूस बदललं का?"

"माणूस तेच आहे," मी म्हटलं. "मी चुकीचं सांगितलं होतं."

बाहेर गाठोडी सोडत मालकांची बेगम बसली होती, तिच्याकडं त्यांनी एकदा बघितलं आणि आत जाऊन डबे काढायला लागले. नरम स्प्रिंगांनी खड्ड्यात गाडी आपटेल, पेट्या भरून लांब जाता येणार नाही, रुबाब कमी होईल, हे सगळं त्यांनी इमानदारीनं सांगितलं. मी म्हटलं, बाजूच्या पेट्याच काढून टाका. कमलाभवानीला जायला एक पिशवी पुरते. हेल्मेटही बदललं, तोंड उघडं राहील असं घेतलं. व्हिडिओतल्या पोरांना ते बिलकूल पटलं नसतं.

बायकोला मी काही म्हणालो नाही. गाडी अंगणात लावून ठेवली. ती तुळशीला पाणी घालताना रोज तिच्याकडं बघायची. एकदा हातानं मागची सीट दाबून बघताना मला खिडकीतून दिसली. सीट खाली गेली, वर आली. तिनं परत दाबली. मी पेपर डोळ्यांसमोर धरला.

नवरात्र बसलं. भाच्याचा फोन आला, मोटार किती वाजता आणू? ती माझ्यासमोर उभी राहून फोनवर म्हणाली, "तू नगं येऊस. दुकानात गर्दी असंल. मी ह्यांच्यासंगं जाते." फोन ठेवून मला म्हणाली, "हळू चालवायची. स्पीडब्रेकर दिसला तर आदी सांगायचं."

"सांगेन."

"आन् मठ्ठ्याचं काय बी सांगायचं न्हाय."

सकाळी लवकर निघालो. भाकरी, शेंगाचटणी, पाण्याची बाटली, ओटीचं सामान, सगळं एका पिशवीत. मी गाडी चालू करून बसलो, पाय जमिनीवर रोवले, समोर बघत राहिलो. फाटकाची कडी लावल्याचा आवाज आला. चपलेचा आवाज आला. मग गाडी माझ्याखाली हलकेच दबली. हँडल किंचित हलकं झालं. फार नाही, पण झालं. माझ्या पाठीपासून हातापर्यंत ते जाणवलं, आणि इतक्या वर्षांनी ते जाणवल्यावर मला पुढचा रस्ता जरा धुरकट दिसायला लागला. मी गियर टाकला आणि निघालो.

अशोक चौकापाशी सिग्नलला थांबलो तेव्हा ती म्हणाली, "आज इचारलं न्हाय ते? बसलीस का म्हनून?"

"कळलं मला," मी म्हणालो.

सिग्नल सुटला. मागून रिक्षावाला हॉर्न वाजवायला लागला, चहाच्या गाड्यांपाशी माणसं उभी होती, त्यातली निम्मी ओळखीची. जकात नाका आता राहिलेला नाही, कारकूनही नाहीत, पण ती जागा आम्हा दोघांना अजून पक्की ठाऊक आहे. मी गाडी सावकाश चालवत होतो. रस्ता गुळगुळीत होता, एकही खड्डा नव्हता. आणि सगळ्या गावाच्या देखत, भर चौकातून, तिचा हात माझ्या डाव्या खांद्यावर आला.

नाका अजून बराच पुढं होता.